मास्तरांच्या टेपवर नसलेली ओळ

माझ्या कामाला कान तिखट लागतात, असं लोकांना वाटतं. कान लागतातच, पण त्याआधी लागतं नाक. जुन्या टेपचा डबा उघडल्यावर आंबूस वास आला की समजायचं, टेपचा पाया सडायला लागला आहे. इथे आयर्लंडमध्ये चिप्सवर जे व्हिनेगर शिंपडतात, अगदी तोच वास. अशी टेप रांग मोडून पुढे घ्यावी लागते. ती आज वाजेल, पुढच्या वर्षी वाजेलच असं नाही. वास कपड्यांनाही लागतो. माझी मुलगी ईरा लहानपणापासून मला दारातच ऐकवते, "मॅम, यू स्मेल लाइक अ चिपर." मॅम म्हणजे आई, आणि चिपर म्हणजे चिप्सचं दुकान. मराठी तिला सगळं कळतं, उत्तर मात्र गॉलवेच्या हेलात येतं.

पुण्यात मी रेडिओसाठी ध्वनिमुद्रण करायचे. नवऱ्याला गॉलवेत मेडिकल डिव्हाइसच्या कारखान्यात नोकरी लागली आणि मी सामानाबरोबर आले. इथे एक लहानसा लोकगीत-संग्रह आहे. त्यांना जुनी टेप मशिनं चालवणारं माणूस हवं होतं आणि मिळत नव्हतं, कारण ती विद्या येणारे सगळे एकतर निवृत्त झाले होते, नाहीतर देवाघरी गेले होते. मला ती येत होती. वीसेक वर्षं झाली त्याला. या दिवाळीनंतर मीही निवृत्त होते आहे. पुण्याच्या मैत्रिणी अजून विचारतात, "तू नक्की करतेस काय गं?" तर एकदा सांगूनच टाकते.

खेडोपाडी हिंडून कोणी कोणी लोकांची गाणी टेपवर घेऊन ठेवली आहेत. त्या टेप आमच्याकडे खोक्यांनी येतात. मी त्या पुसते, तुटलेल्या जोडते, हळूच मशिनवर चढवते आणि त्यांतला आवाज कॉम्प्युटरवर उतरवते. मग कोण गातंय, कुठलं गाणं, कुठलं कडवं आधी, ते लिहून काढते. त्या काळी गावात वीज नसली तर रेकॉर्डर बॅटरीवर चालायचा. बॅटरी उतरत गेली की टेप हळू फिरायची, आणि आज नीट वेगाने वाजवली की गाणारा दणकट कोळी उंदरासारखा चिरकायला लागतो. त्याला पुन्हा माणसात आणायचं, तेही माझंच काम. एक नियम मी पुण्याहून घेऊन आले आणि तो सोडला नाही: डब्यावर काहीही लिहिलेलं असो, टेपचं शेपूट चाकातून सुटेपर्यंत मशिन बंद करायचं नाही. या नियमापायी माझ्या आयुष्याचे किती तास नुसती खरखर ऐकण्यात गेले, त्याचा हिशेब मी नवऱ्याला कधी लागू दिलेला नाही.

आमच्या संग्रहाचा प्रमुख डोनल. हाडाचा सज्जन, पण एखादं गाणं डोक्यात शिरलं की त्याला दुसरं काही सुचत नाही. मागच्या दोन-तीन वर्षांत त्याच्या डोक्यात खलाशांचं एक पिण्याचं गाणं शिरलं होतं. आम्ही ऑफिसात त्याला भरतीचं गाणं म्हणायचो. गोष्ट एवढीच: जहाज धक्क्याला लागलंय, पाणी ओसरलेलं आहे, भरती आल्याशिवाय निघता येत नाही. तेव्हा खलाशी गुत्त्यात बसून मालकिणीला म्हणतात, बाई, पेला भर. दर कडव्याला एक पेला आणि एक बंदर. शेवटच्या कडव्यात भरती येते, सगळे उठतात आणि शेवटचा पेला उचलतात.

डोनलला या गाण्याची सगळी रूपं गोळा करून पुस्तक काढायचं होतं आणि ते मुळात कुठलं, हे ठरवायचं होतं. हे काम ऐकायला जितकं कोरडं वाटतं तितकं नसतं. गाणं जहाजावर चढतं, दुसऱ्या बंदरात उतरतं आणि तिथलं पाणी पिऊन तिथलंच होतं. लिव्हरपूलच्या रूपात मालकीण मेरी आहे आणि पेल्यात रम आहे. कॅनडाच्या किनाऱ्यावर तीच बाई विधवा आहे आणि बाहेर कॉड मासा वाळत पडलाय. एका रूपात जहाज ओढायला वाफेची बोट येते, म्हणजे ते कडवं वाफेच्या आधीचं असू शकत नाही. असे धागे पकडत मागे जायचं. एका कॉन्व्हेंट शाळेच्या वहीत तर खलाशी मालकिणीकडे ताक मागत होते. सिस्टरांनी पिणं तेवढं बदललं होतं. सहाव्या पेल्यानंतर खलाशांचा तोल जातो, ते मात्र तसंच ठेवलं होतं. ताकाने तोल गेलेले खलाशी मी तेवढेच पाहिले.

गाण्याचा शोध घेतोय म्हटल्यावर गिऱ्हाइकंही आली. डब्लिनजवळ चेरीवूडच्या एका कंपनीत काम करणारा नागपूरचा तरुण, मराठी मंडळाच्या गणपतीत भेटलेला, फोनवर सांगायला लागला की ताई, ही चाल शंभर टक्के आपल्या कोळीगीताची आहे, आपले खलाशी गोऱ्यांच्या जहाजांवर होतेच ना. आपले लोक होते हे खरं. मलाही मोह झाला, का नाही होणार? मी दोन दिवस चाली शेजारी शेजारी लावून ऐकल्या. ठेका एकच निघाला, कारण वल्हं मारणाऱ्या माणसाला दोनच हात असतात आणि ते जगभर सारखेच हलतात. त्यापलीकडे काही हाती लागलं नाही. त्याला तसं सांगितलं तर तो खट्टू झाला आणि म्हणाला की तुम्ही आता फारच आयरिश झालात.

दुसरं गिऱ्हाईक फिनबार. गॉलवेच्या पश्चिमेला किनाऱ्यावर एक गाव आहे, त्याचं नाव मी इथे सांगत नाही आणि माणसांची नावंही बदलली आहेत. तिथला बंद पडलेला पब फिनबारने घेतला होता. त्याला दारावर पाटी लावायची होती की हे गाणं इथे जन्मलं, आणि त्यासाठी आमचं पत्र हवं होतं. डोनलने त्याला शांतपणे समजावलं की गाण्याला जन्मदाखला नसतो. फिनबार म्हणाला, "ग्रँड, ग्रँड. मग निदान लहानपण इथे गेलं असं तरी लिहा." माणूस मला आवडला.

या सगळ्या रूपांमध्ये एक खोच होती आणि डोनलची झोप तिने उडवली होती. शेवटच्या कडव्याच्या पहिल्या तीन ओळी सगळीकडे जवळपास सारख्या होत्या. भरती आली, दोर सुटला, पेला उचलला. चौथी ओळ मात्र कुठेच जुळत नव्हती. कोणी तिथे राणीचा जयजयकार केला होता, कोणी मालकिणीचा मुका घेतला होता, कॅनडात जहाजाचं नाव होतं आणि सिस्टरांनी अर्थातच देवाला आणलं होतं. वीस कडवी समुद्र ओलांडून जशीच्या तशी जातात आणि एकच ओळ दर बंदरात पाण्यात पडते, असं का व्हावं?

सगळ्यात जुनी मुद्रणं फिनबारच्याच गावातली होती. ती केली होती तिथल्या शाळेच्या मास्तरांनी. आपल्याकडच्यासारखंच तिकडेही गाव त्यांना मास्तरच म्हणायचं. सुट्टीच्या दिवशी जडशीळ रेकॉर्डर गाडीत घालून हिंडायचे आणि गाणी टिपायचे. दारूच्या थेंबाला न शिवण्याची शपथ घेतलेला माणूस, कोटावर त्याचा बिल्ला लावणारा, आणि आयुष्यभर पबमध्ये बसून पिण्याची गाणी गोळा करत राहिला. मला हे फार गमतीचं वाटायचं. पण त्यांच्या टेप ऐकताना मी चिडायचे. भरतीचं गाणं त्यांनी वेगवेगळ्या गायकांकडून घेतलेलं, आणि दर वेळी तिसरी ओळ संपली की खट्! मशिन बंद. चौथी ओळ नाहीच. डोनल म्हणायचा, टेप महाग होती, वाचवत असतील. मी म्हणायचे, शपथ घेतलेली ना, पेला उचलायची वेळ आली की हात आपोआप खटक्यावर जात असेल. एका ओळीएवढ्या टेपने असं काय राज्य वाचलं असतं? मास्तर वारून कित्येक वर्षं झाली होती, तेव्हा माझी चिडचिड ऐकायला डोनलशिवाय कोणी नव्हतं.

मग नोरा आली. फिनबारनेच तिला आमच्याकडे पाठवलं. ऐंशीच्या आसपासची, ताठ चालणारी, तरुणपणी इंग्लंडला जाऊन नर्स झालेली आणि निवृत्तीनंतर परत गावात येऊन राहिलेली बाई. इथे सगळेच एकमेकांना नावाने हाक मारतात, तशी मीही तिला नोरा म्हणायचे, पण मनातल्या मनात अहो म्हटल्याशिवाय जीभ वळायची नाही.

तिने चहाचा कप पुढे ओढला आणि आमच्या दोन-तीन वर्षांच्या कोड्याचं उत्तर सहज सांगितलं. "चौथी ओळ नसतेच. तिथे नाव घेतात."

आयर्लंडच्या पश्चिमेकडे जुनी रीत आहे. गाण्याचे शेवटचे शब्द गायचे नाहीत, साध्या आवाजात बोलायचे, म्हणजे गाणारा गाण्यातून बाहेर आला असं समजायचं. या गावात त्या रीतीला आणखी एक वळण होतं. तीन ओळी गायच्या, पेला उचलायचा आणि समुद्रात गेलेल्या एकाचं नाव बोलायचं. मग ज्याला ज्याला ते नाव मान्य आहे त्याने आपला पेला एकदा लाकडावर टेकवायचा आणि घोट घ्यायचा. बस. बाहेरच्या लोकांसमोर गाताना नाव घेत नसत, म्हणून ती जागा भरायला जिथे तिथे काहीतरी ओळ लागायची. डोनल हे ऐकून उठून खिडकीशी जाऊन उभा राहिला. त्याला आनंद झाला की लाज वाटली, सांगता येत नाही. बहुतेक दोन्ही.

पण नोरा आम्हाला शिकवायला आली नव्हती. तिला एक गोष्ट हवी होती. तिचा बाप मायकल बोट चालवायचा, बेटांवर जळणासाठी पीट, म्हणजे दलदलीतली कापून वाळवलेली माती, पोचवायचा. ती सातेक वर्षांची असताना बेटावरून परत येताना बोट उलटली. बरोबर गावातल्या कोलमनचा एकुलता मुलगा शॉन होता, सतरा-अठराचा. दोघेही गेले. मायकल प्यालेला होता, असं गावाने ठरवलं. खरंच प्यालेला होता की नाही, हे कोणालाच माहीत नव्हतं. शॉनचं नाव दर वर्षी घेतलं जायचं. मायकलचं घेतलं का? त्या काळी बायका पबमध्ये जात नसत. आईला विचारलं की ती उठून दुसऱ्या कामाला लागायची. ज्या माणसाचं नाव घेतलं गेलं नाही, तो गावाच्या लेखी समुद्रात गेलाच नाही, नुसता नाहीसा झाला. नोरा म्हणाली की तिला दुसरं काही नको, एवढंच कळायला हवं. त्या सालांतल्या मास्तरांच्या टेप आमच्याकडे आहेत, असं तिला फिनबारने सांगितलं होतं.

आता तिला कसं सांगणार की नेमकं तेच मास्तरांनी दर वेळी गाळलं आहे? पण सांगितलं. एक टेप वाजवूनही दाखवली. खट् ऐकल्यावर तिने कप खाली ठेवला. मग कोट घातला, चहा छान होता म्हणाली आणि गेली.

त्यानंतर मी मास्तरांची खोकी पुन्हा पहिल्यापासून काढली. डोनल म्हणाला, त्यात काही नाही, सगळं ऐकून झालंय. सगळं झालं नव्हतं. गाण्यांच्या टेप झाल्या होत्या, शाळेच्या राहिल्या होत्या. मास्तर वर्गातल्या मुलांकडून कविता आणि पाढे म्हणून घ्यायचे आणि तेही टिपून ठेवायचे. त्या टेपना कोण हात लावणार? नाकाने मदत केली. एका डब्यातून असा भपकारा आला की ती टेप ताबडतोब चढवावी लागली. दोन ठिकाणी तुटली, जोडली. मुलांचे पाढे संपले. मग खरखर. नियम म्हणजे नियम, म्हणून मी बसून राहिले, चष्मा पुसत. आणि खरखरीतून एकदम पबचा आवाज आला.

गाणाऱ्याचं नाव पॅट जो, मास्तरांच्या इतर टेपवरून मी त्याचा आवाज ओळखत होते. भरतीचंच गाणं. तीन ओळी झाल्या आणि मी सवयीने खट् व्हायची वाट पाहिली. झालं नाही. मशिन चालूच राहिलं.

पुढचं बोलणं आयरिश भाषेत होतं. माझी आयरिश गाण्यांपुरती. डोनलला बोलावलं आणि आम्ही दोघांनी शेजारी बसून ते ऐकलं. आधी बराच वेळ कोणीच बोलत नाही. मग कोणीतरी म्हणतं, नाव घे, पॅट जो. इथल्या बैठकीत आणखी एक रीत आहे. ज्याने गायलं तो पुढच्याचं नाव पुकारतो, आणि पुकारलेल्याला नाही म्हणता येत नाही. पॅट जो म्हणतो, "मी मास्तरांना पुकारतो. नाव ते घेतील." त्यावर मशिनच्या अगदी जवळून एक जड आवाज येतो: "त्याचं नको. माझा मुलगा होता त्याच्या बोटीत." खुर्ची सरकल्याचा आवाज. आणि मग मास्तर, वर्गात हजेरी घेताना घ्यावं तसं स्पष्ट, म्हणतात, "मायकल. नोराचा बाप."

इथे थोडं थांबून सांगायला हवं. त्या गावात निम्म्या घरांचं आडनाव एकच. म्हणून माणूस ओळखला जातो तो बापाच्या नावाने, आपल्याकडे मधलं नाव लावतात तसाच, फक्त इथे आडनावाला कोणी विचारत नाही. नोरा म्हणजे नोरा मायकल. बापाची ओळख मुलीवरून सांगायची पद्धतच नाही. मास्तरांनी ती सांगितली. भर पबमध्ये, ज्या माणसाबद्दल गाव बोलत नव्हतं त्याला त्यांनी आपल्या वर्गातल्या एका मुलीचा बाप केलं. डोनल मला अर्थ सांगत होता आणि सांगता सांगता रडायला लागला. मीही रडले, त्यात लपवायचं काय?

मग पेले टेकल्याचे आवाज. एक लांबून, मग दोन-तीन, मग बरेच. आणि सगळं थांबल्यावर, आता कोणी उरलं नसेल असं वाटायला लागल्यावर, आणखी एक. मशिनच्या अगदी जवळ. त्यानंतर खट्.

आमच्याकडे नियम आहे की टेपवर कोणाच्या घरची गोष्ट निघाली तर आधी त्या घराला ऐकवायची. यावरून माझं आणि डोनलचं वाजलं. त्याचं म्हणणं, तो जड आवाज काढून टाकू. म्हातारीला बापाचं नाव ऐकायचंय, ते ऐकू दे. एवढ्या वर्षांनी तिला कोलमनचा राग कशाला ऐकवायचा? त्याचा हेतू वाईट नव्हता, मलाही रात्रभर तसंच वाटत होतं. पण सकाळी मी त्याला म्हटलं की या गाण्याला आजवर जो भेटला त्याने शेवट कापला आणि त्याच्या जागी आपल्याला सोयीचं काहीतरी बसवलं, आता आपण दोघे तेच करायचं का? तो म्हणाला, हे गाणं नाही, हे एका बाईचं आयुष्य आहे. मी म्हटलं, मग तिलाच विचारू.

नोराला विचारलं. टेपवर तिला हवं ते आहे, पण त्याच्या आधी एक जड जाईल असं वाक्य आहे, ते ठेवू की वगळू? ती म्हणाली, "चाळीस वर्षं मी लोकांच्या जखमा उघडून धुतल्या. लाव."

तिने डोळे मिटून ऐकलं. कोलमनच्या वाक्याला तिच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. मास्तरांच्या वाक्याला तिने हात तोंडावर नेला. पेल्यांचे आवाज झाले, शेवटचं खट् झालं. तिने पुन्हा लावायला सांगितलं, आणि पुन्हा. तिसऱ्यांदा मला वाटलं की तिला बापाचं नाव ऐकायचंय. तिला नाव ऐकायचं नव्हतं.

"तो शेवटचा पेला कोणाचा?" तिने विचारलं.

माझ्या सगळ्या नोकरीत यापेक्षा अवघड प्रश्न मला कोणी विचारलेला नाही. मला कोलमनचा म्हणावंसं वाटत होतं. जीभ अगदी दातांपर्यंत आली होती. पण टेपवर आहे त्यापेक्षा जास्त सांगायचं नाही, तिथे आमचा धंदा संपतो. मी म्हटलं की कोलमनचा आवाज मशिनच्या जवळून आलाय आणि तो पेलाही मशिनच्या जवळच टेकलाय. त्या टेबलाशी आणखी कोण बसलं होतं, ते टेप सांगत नाही. मलाही सांगता येणार नाही.

तिने मान हलवली. मग सांगायला लागली. बाप गेल्यावर दर उन्हाळ्यात त्यांच्या वाट्याचा पीट कोणीतरी कापून, वाळवून, घरामागे रचून ठेवायचं. कोण, ते आईने कधी सांगितलं नाही, आणि विचारायचंही नाही असं बजावलं होतं. नोरा समजायची की चर्चकडून येत असेल. पहिली दोन-तीन वर्षं मात्र पीट येत नव्हता, त्या हिवाळ्यांत त्या दोघी एका पलंगावर कोट पांघरून झोपायच्या, हे तिला चांगलं आठवत होतं. "नंतर यायला लागला," ती म्हणाली. "मी मास्तरांच्या वर्गात गेले त्या सुमाराला." कोलमनच्या घराचं पुढे काय झालं, असं डोनलने विचारलं. घर पडलं, मागे कोणीच नाही, बायको आधीच गेली होती, असं तिने सांगितलं आणि रुमालाने नाक पुसलं.

मास्तर इतर वेळी मशिन बंद का करायचे, यावर आमचा अजून वाद आहे. मला आता वाटतं की त्यांना कळलं होतं. नावं टेपवर राहिली असती तर कोणाची घेतली आणि कोणाची गाळली, याचा कायमचा पुरावा झाला असता, आणि पिढ्यान् पिढ्या लोक तो उगाळत बसले असते. म्हणून त्यांनी सगळ्यांची नावं गाळली आणि एकच ठेवलं, तेही पोरांच्या पाढ्यांमागे. डोनलचं म्हणणं, मी बाईमाणूस भावनेच्या भरात बोलते; टेप महागच होती, आणि त्या दिवशी मास्तर उठून उभे राहिले म्हणून हात खटक्यापर्यंत पोचला नाही. असेलही. मास्तरांना विचारता येत नाही, हीच या नोकरीतली मोठी हळहळ. आमच्याकडे सगळी उत्तरं देणारी माणसं आहेत, प्रश्न ऐकणारं एकही नाही.

पुस्तक या उन्हाळ्यात निघालं. गाणं मुळात कुठलं, या प्रश्नाला डोनलने शेवटी असं उत्तर दिलं की शेवटची जागा रिकामी ठेवून ते कुठून तरी निघालं, आणि जिथे ती जागा का रिकामी आहे हे लोक विसरले तिथे त्यांनी ती भरली. छापताना त्याने चौथ्या ओळीची जागा कोरी सोडली. छापखान्यातून फोन आला की तुमची एक ओळ पडलीय, कळवा. आम्ही दोघे फोन हातात धरून हसत सुटलो.

प्रकाशन फिनबारच्या पबमध्ये, रविवारी दुपारी झालं. पाटी त्याने लावलीच होती, पण जन्माचा उल्लेख नव्हता. लिहिलं होतं की इथे हे गाणं नावासकट म्हणतात. गाव लोटलं होतं. नवरा आला होता, ईरा आली होती, मी सायडर घेऊन कोपऱ्यात रेकॉर्डरशी बसले होते. नोराच्या बापाची गोष्ट एव्हाना सगळ्यांना कळली होती. आज त्याचं नाव त्याची मुलगी घेणार, म्हणून लोकांनी आधीच पेले हातात घेतले होते.

नोराचा आवाज बारीक आणि थोडा कापरा, पण सुरात पक्का. घाई नाही. बंदरामागून बंदर झालं. भरती आली, दोर सुटला, पेला उचलला. ती थांबली. पब इतका शांत झाला की बाहेर कोणी गाडी लावतंय ते रेकॉर्डरवर आलंय.

"शॉन," ती साध्या आवाजात म्हणाली. "कोलमनचा मुलगा."

पेले हवेतच राहिले. सगळ्यांनी मायकलसाठी उचलले होते, आणि हे दुसरंच नाव कोणाचं, हे कळायला म्हाताऱ्यांनासुद्धा क्षणभर वेळ लागला. ते नाव घेणारं गावात कोणी उरलं नव्हतं. बाहेरच्या माणसाने पहिल्यांदा पेला टेकवावा की नाही, त्याची काही रीत असेल तर मला माहीत नव्हती, आणि मी कोणाला विचारलंही नाही. मी माझा पेला टेबलावर टेकवला.